मधला आवाज

काल घर तापवणारा फर्नेस या मोसमात पहिल्यांदा सुरू झाला. उन्हाळाभर पाइपांत बसलेली धूळ जळते आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून एक कोरडा, करपट वास घरभर पसरतो. तासाभरात तो जातो, पण त्या तासाभरात मी काही कामाची नसते. हातात चहाचा कप घेऊन जाळीपाशी उभी राहते, पावलं शेकत. इतक्या वर्षांत कॅनडातले किती हिवाळे काढले त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, बहुतेक सगळे एकात एक मिसळून गेले आहेत. हा वास आला की त्यातला एकच वेगळा निघून समोर उभा राहतो. दोन हजार सोळा सरून सतरा लागलं तो. हे गेल्यानंतरचा पहिला.

आमचं घर हॅमिल्टनच्या माउंटनवर आहे. माउंटन म्हणजे शहराच्या पाठीशी पसरलेलं एक लांबलचक टेकाड. लहानपणी मिरजेहून पन्हाळ्याला आणि जोतिबाला जाऊन आलेल्या माझ्यासारखीला त्याला डोंगर म्हणायला अजून जीभ रेटत नाही. खाली सरोवराच्या काठी पोलादाचे कारखाने. हे त्यांतल्या एकात मेटलर्जिस्ट होते, आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासत आयुष्य काढलं. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे मधे एक भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक संसार. भिंतीपलीकडचा संसार मिस्टर ऑर्विल यांचा.

ते डेट्रॉइटचे. उंच, कृष्णवर्णीय, कचरा बाहेर ठेवायलाही हॅट घालून येणारे. त्यांची बायको डोरीन इथली, नर्स होती. तिच्यापायी ते सीमा ओलांडून आले आणि इथलेच झाले. हे त्यांना ऑर्विलराव म्हणत, आणि तेही मान किंचित झुकवून, जणू सरदारकीच मिळाल्यासारखे, ती पदवी घेत. मला ते 'मिस वसुधा' म्हणत. माझं लग्न होऊन मुलगी मीरा नोकरीला लागली तरी मी त्यांच्या लेखी मिसच. त्यांच्याकडे मोठ्या बाईला मान द्यायची ती रीत आहे, हे मला डोरीनने सांगितलं होतं.

तरुणपणी ते एका सोल ग्रूपमध्ये गात असत, हे आम्हांला शेजार बराच जुना झाल्यावर कळलं. सोल म्हणजे चर्चच्या गाण्यातून निघून प्रेमाच्या गाण्यांत शिरलेला तो डेट्रॉइटकडचा प्रकार. शब्द प्रेयसीसाठी आणि कळवळा देवापुढचा. डोरीन गेली तेव्हा सामान लावायला हे मदतीला गेले होते, तिथे त्यांना फोटो सापडला. पाच तरुण, एकसारखे चमचमते सूट, सगळ्यांचा उजवा पाय एकाच वेळी उचललेला. यांनी विचारलं, ह्यांतलं गाणारं कोण होतं? ऑर्विलरावांनी पुढच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले की गायचा हा, आम्ही चौघं त्याला धरून ठेवायचो. म्हणजे कोरस, असं म्हणून यांनी विषय संपवला. घरी येऊन मला सांगितलं, ऑर्विलराव कोरसमध्ये होते. मी म्हटलं, छान.

हे त्या वर्षीच्या जुलैत गेले. हृदय. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

यांना गाता येत नसे. तरी रोज सकाळी अंघोळ करून, ओला पंचा खांद्यावर टाकून, खड्या आवाजात आरती म्हणत. पट्टी त्यांची स्वतःची. मी वर असले तर हे खाली, मी खाली आले तर हे आणखी खाली. आमच्या भजनी मंडळाने त्यांच्या हाती कायमचे टाळ देऊन ठेवले होते, तोंड कामाला लागू नये म्हणून. घरात मात्र त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ओरडे, अहो, देव घाबरेल. ते गेल्यावर मी पूजा करत राहिले, पण आरती तोंडातून निघेना. निरांजन लावायचं, घंटा वाजवायची आणि मुकाट्याने उठायचं. एकट्या बाईने टाळ्या वाजवायच्या तरी कशा? दोन्ही हात आपलेच असले तरी ते जमत नाही.

नोव्हेंबरात भिंतीतून आवाज यायला लागला. हुंकारासारखा. थोडा वेळ एकाच सुरावर, मग जरा वर, मग मधेच तुटे. शांतता. पुन्हा सुरू, पुन्हा तुटलेला. त्याला ना चाल, ना आगापिछा. मी ठरवून टाकलं की म्हातारा कण्हतोय. लॅबमध्ये जन्म काढलेल्या माणसाला स्वतःला डॉक्टर समजायची खोड असते, ती मलाही आहे. मुगाचं कढण केलं, डब्यात भरलं, बूट चढवले आणि त्यांची बेल दाबली. दार उघडलं तर गृहस्थ एप्रन बांधून, हातात पॅनकेकचं उलथणं घेऊन उभे. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. मी चाचरत विचारलं, दुखतंय कुठे? त्यांना कळेना. मग कळलं, आणि ते दाराची चौकट धरून हसले. म्हणाले, मी गात होतो. मी विचारलं, हे गाणं आहे? ते म्हणाले, गाण्यातला माझा भाग आहे.

डब्यातलं कढण त्यांनी आवडीने खाल्लं, पण त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपल्याकडे गाण्याला भाग नसतात. एक गातो आणि बाकीचे तेच गातात, नाहीतर गप्प बसतात.

डिसेंबरात दत्तजयंती आली. माझं माहेर मिरजेचं, नरसोबाची वाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दत्तजयंतीचं भजन दर वर्षी आमच्याच बेसमेंटमध्ये असे. वर्षाच्या आत सण नको असं दोघी-तिघी म्हणाल्या, मग भजनाला काय हरकत, असंही त्यांनीच म्हटलं. पेटीवर गोडबोले काका. ते निवृत्त भूलतज्ज्ञ. पेटी वाजवूनही काका तेच काम करतात, असं हे म्हणत. मी ऑर्विलरावांनाही बोलावलं. ते सूट घालून, हॅट हातात घेऊन आले. गुडघ्यांमुळे त्यांना खुर्ची दिली आणि आम्ही सगळे सतरंजीवर.

आरती सुरू झाली आणि पहिला घोळ टाळ्यांचा झाला. आमची टाळी पडे तेव्हा त्यांचे हात लांब असत, आणि आमचे लांब गेले की त्यांची टाळी पडे. बायका एकमेकींकडे बघून हसू दाबायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी आवाज लावला. शब्द नव्हते, नुसता भरदार आकार. पण आम्ही सगळे षड्जावर, तर हे गृहस्थ कुठे गंधारावर जाऊन बसलेले. काकांच्या कपाळावर आठी आली. मनाचे चांगले आहेत ते. पाहुणा चुकतोय तर त्याला हात द्यावा म्हणून त्यांनी षड्जाची पट्टी जोरात दाबली, ऑर्विलरावांकडे बघून मान हलवली, आणखी जोरात दाबली. मीही त्यांच्याकडे वळून आमचा सूर मोठ्याने दाखवला. ऑर्विलरावांनी आमच्याकडे पाहिलं आणि मुकाट आमच्या सुरावर येऊन बसले. काका खूश. नंतर त्यांनी ऑर्विलरावांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की सूर लागायला वेळ लागतो, यू विल गेट देअर. ऑर्विलराव म्हणाले, येस सर.

सगळे गेल्यावर ते सुंठवडा चाटत बसले होते. त्यांना तो फार आवडला. मग सावकाश विचारलं, "मिस वसुधा, घरात इतक्या खोल्या असताना तुम्ही सगळे एकाच खोलीत गर्दी का करता?"

मला वाटलं, ते बेसमेंटबद्दल बोलतायत. मी सांगायला लागले की वरती कार्पेट आहे, चपलांचा चिखल होतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली, गाण्याचं म्हणतोय म्हणाले, आणि मला जानेवारीत एका दुपारी रेकॉर्ड ऐकायला बोलावलं.

त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होता. त्यांच्या बैठकीच्या खोलीत डोरीनच्या विणलेल्या चादरी, आणि कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर. त्यांचं एक गाणं त्या काळी फार चाललं होतं. अजूनही दुकानांत लागतं, मी ते कितीदा तरी भाजी निवडताना ऐकलं होतं आणि कोणाचं म्हणून विचारही केला नव्हता. त्यांनी सुई ठेवली. पुढे गाणाऱ्याचा आवाज सरळ काळजाला भिडणारा. अगदी खाली एक ढाला आवाज, तोही कळला. वर एक पातळ, बायकी. ऑर्विलराव खुर्चीच्या कडेला येऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपलं.

"ऐकू आलो मी?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते इतके टक लावून बघत होते की मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा. मी डोळे मिटून ऐकलं, कान प्लेअरला लावून ऐकलं. नाही.

ते हसले. म्हणाले, म्हणजे काम चोख झालं होतं. वरच्या आणि खालच्या आवाजांमधली फट भरायची, हे माझं काम. मी वेगळा ऐकू आलो की रेकॉर्डिंगवाला माझ्यावर डाफरायचा. मग त्यांनी रेकॉर्ड पुसून पाकिटात घातली आणि हसणं गेलं. पाचांतले तिघं केव्हाच गेले होते. राहिलेला दुसरा म्हणजे तो पुढे गाणारा. तो दर रविवारी डेट्रॉइटहून फोन करत असे. यात मी कुठला, हे ओळखणारा आता तो एकटाच, असं ते म्हणाले. "तो गेला की माझा आवाज राहील, पण तो माझा आहे हे कोणालाच ठाऊक नसेल."

त्या रात्री मला मिरज आठवत राहिली. मिरजेत आमच्या घराच्या मागच्या गल्लीत तंबोरे करत. त्यांच्या गच्चीवर मोठाले भोपळे उन्हात वाळत पडलेले असत आणि आम्ही पोरं त्यांच्यावर नावं लिहिली म्हणून बोलणी खात असू. मैफिलीला जायचो तेव्हा मी नेहमी गवयाच्या तोंडाकडे बघितलं, तंबोऱ्यावर कोण बसलंय ते एकदाही पाहिलं नाही. आता आठवायला गेले तर एकही चेहरा येईना.

फेब्रुवारीत तो डेट्रॉइटचा मित्र गेला. ऑर्विलरावांचं कमरेचं दुखणं वर आलेलं, रस्त्यांवर बर्फाची काच झालेली. त्यांच्या भाचीने फोनवर त्यांना येऊ नका म्हणून निक्षून सांगितलं. अंत्यविधीच्या दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसले होते. आवाज आला. तोच तुटक हुंकार. मी कोट चढवला आणि गेले. दाराला कडी घातलेली नव्हती.

ते सूट घालून खोलीच्या मधोमध उभे होते आणि आपला भाग गात होते. मधे थांबत, पुढच्याची ओळ येऊन जाईपर्यंत वाट बघत, आणि पुन्हा आपल्या जागी शिरत. थांबले की मान किंचित डावीकडे वळे, जिथे कोणीतरी असायला हवं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ते तुटत नव्हते. ते जागा ठेवत होते. मी कोट न काढता दाराशीच बसले. संपल्यावर ते खुर्चीत बसले.

मग म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं आणि माझं रोज सकाळी जमायचं. ते तिकडून गायचे, मी इकडे कॉफी करताना त्यांच्यावर माझा आवाज बसवायचो. कित्येक वर्षं."

मी म्हटलं, ते तर बेसूर होते.

"नाही," ते म्हणाले. "ते खाली होते. त्यांच्या वर कोणी नव्हतं, एवढंच."

मी रडले. हे गेल्यापासून कोणापुढे रडले नव्हते, मीरापुढेही नाही. माझा नवरा जन्मभर एकटा गातो असं मी समजत होते, आणि त्याला रोज साथ होती. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. ऑर्विलरावांनी रुमाल दिला नाही की पाठीवर हात ठेवला नाही, ते नुसते बसून राहिले. मला तेच बरं वाटलं. डोळे पुसून मी म्हटलं, तो तुमचा भाग मला शिकवा.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही भलतंच मागितलं असावं. मग प्लेअर उघडला.

मार्च सगळा त्यात गेला. दुपारी दोन घास खाऊन मी पलीकडे जाई. त्यांचा भाग माझ्या पट्टीत बसवून घ्यायला काही अडचण नव्हती. चार-पाच सुरांत तर फिरायचं. पण रेकॉर्ड सुरू झाली की पुढच्या गायकाचा आवाज यायचा आणि मी सरळ त्याच्या मागे. आयुष्यभराची सवय, मुख्य गाणारा जाईल तिकडे जायचं. माझं मलाच कळत नसे कधी घसरले ते. ऑर्विलराव सुई उचलत आणि शांतपणे म्हणत, "स्टे होम, मिस वसुधा. डोन्ट गो व्हिजिटिंग." दुसऱ्याच्या घरी जाऊ नका, आपल्या घरी थांबा. मी एका कानात बोट घालून गायला लागले. मग बोटाशिवाय. एकदा सबंध गाणं न घसरता पार पडलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि वळले नाहीत.

सकाळच्या आरतीचं मात्र मी त्यांना काही बोलले नव्हते. एक दिवस निरांजन लावलं आणि तोंडातून आरती निघाली. आवाज कापत होता, टाळी नव्हतीच. दुसऱ्या कडव्याशी भिंतीतून तो आकार आला, आमच्या गंधारावरचा, काकांनी हुसकून लावलेला. मी थांबले नाही. मला भीती होती की मी थांबले तर तोही थांबेल. त्यानंतर रोज. आम्ही बाहेर भेटलो तर बर्फाबद्दल, कचऱ्याच्या दिवसाबद्दल बोलत असू, त्याबद्दल कधीच नाही.

मे महिन्यात, फर्नेस बंद केला त्या आठवड्यात, ते झोपेतच गेले. सकाळी माझी आरती एकटीची झाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, उशिरा उठले असतील. त्यांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये ते गाणं लावलं. लोक डोळे पुसत डोलत होते, आणि पाद्री म्हणाला की ऑर्विलचा आवाज आपल्यात कायम राहील. मी कानांत प्राण आणून ऐकत होते. त्यांचा भाग मला पाठ होता, तरी त्या सगळ्या आवाजांत तो मला सापडला नाही. लोक समोरच्या गायकाचा आवाज ऐकून ऑर्विलरावांसाठी रडत होते. मला ते फार लागलं. कोणाला सांगणार होते?

आता पलीकडे एक तरुण जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत, माझ्या वाटचा बर्फही शोव्हल करतात. भिंतीतून येतात ते व्हिडिओ गेममधल्या बंदुकांचे आवाज. मी सकाळी आरती म्हणते, मधे उगाच जागा ठेवते, आणि ती तशीच राहते. मीरा म्हणते, घर विकून रिचमंड हिलला ये, बेसमेंटला वेगळं वॉशरूम आहे, यू वोन्ट बी अलोन. बरोबर आहे तिचं. मी बघू म्हणते.

आज ती माझ्या गाडीला विंटर टायर्स, म्हणजे बर्फातले टायर, बसवून घ्यायला आली होती. गॅरेजवरून परतताना ग्रोसरी घेतली आणि आम्ही माउंटनचा चढ चढत होतो. गाडी तीच चालवत होती. रेडिओवर जुनी गाणी चालू होती, कोणाचं लक्ष नव्हतं. खाली कारखान्यांचा धूर सरोवरावर सरळ उभा होता. आणि ते गाणं लागलं.

मी मनात नाही, तोंडाने गायला लागले. पुढचा गायक आला, मी त्याच्या मागे गेले नाही. वरचा आला, खालचा आला, मी आपल्या घरी. मीराने वळून पाहिलं. तिला हे गाणं येतं, इथल्या सगळ्या मुलांना येतं.

"आई, दॅट्स नॉट हाउ इट गोज," ती म्हणाली. अगदी प्रेमाने, काकांनी पेटीची पट्टी दाबली होती तशी.

मी ओळीच्या मध्यावर थांबले. आणि ओळ थांबली नाही. मी जिथे सोडली होती, त्याच सुरावरून, त्याच भरदार आकारात ती पुढे गेली, जरा वर चढली, वळली आणि आपल्या जागी येऊन बसली. बाकीचे चौघं तिच्या आजूबाजूला होते. मला ती एकटी ऐकू येत होती.

"ऐकू आलात," मी म्हटलं.

"हू?" मीराने विचारलं.

मी तिला म्हटलं, सांगते, आधी जरा मोठं कर.